लेखाला नाव काय देऊ? नाशिकच्या लिहित्या मंडळींकडून सारखे येणारे प्रश्न

नाशिकमधून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी आलेलं लेखन मी गेली नऊ वर्षं वाचतेय, शिवाय महिन्यातून एकदा लिहिणारे आम्ही दहा-बारा जण जमतो. लेखावर चर्चा अर्धा तास होते आणि शीर्षकावर एक तास. व्हॉट्सअ‍ॅपवर पण तेच प्रश्न परत परत येतात म्हणून शेवटी सगळे एका जागी लिहून काढले. आधी सोपे आहेत, अडचणीचे खाली आहेत.

१. शीर्षक, मथळा, हेडिंग, टायटल हे सगळं एकच का?

बोलताना सरमिसळ होते आणि त्यात काही बिघडत नाही. पण कामं थोडी वेगळी आहेत. बातमीच्या वर असतो तो मथळा, त्याने बातमीच सांगून टाकायची असते, म्हणजे 'गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला' एवढं वाचून माणूस पुढे गेला तरी चालतं. लेखाचं, कथेचं, कवितेचं असतं ते शीर्षक, त्याने वाचणाऱ्याला आत आणायचं असतं. लेखाच्या आत दोन-चार परिच्छेदांनंतर येतं ते उपशीर्षक, ऑफिसात त्यालाच हेडिंग म्हणतात. आणि दर आठवड्याला येणाऱ्या सदराचं नाव वेगळं, त्या आठवड्याच्या लेखाचं शीर्षक वेगळं, दोन्ही द्यायची.

२. 'शीर्षक' की 'शिर्षक'?

शीर्षक. शी दीर्घ. शीर्ष म्हणजे डोकं, शीर्षासनातला तोच शब्द. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी फायलींवर 'शिर्षक:' असं लिहून पुढे नाव असतं. एकदा 'शीर्षासन' आठवलं की परत चुकत नाही.

३. शीर्षक आधी ठरवायचं की लेख झाल्यावर?

कामचलाऊ नाव आधी द्या, खरं नंतर. आधीच पक्कं नाव ठरवलं की लेख त्या नावामागे ओढला जातो, मग जे आपोआप आलं असतं ते येत नाही. फाइलला 'विहीर लेख' असं काहीही नाव द्या आणि लिहायला लागा. अपवाद बातमीचा आणि माहितीपर लेखाचा, तिथे आधी नाव लिहिलं तर फायदा होतो कारण आपण नेमकं काय सांगणार हे स्वतःलाच कळतं, आणि ते एका ओळीत लिहिता येत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही असं समजा.

४. ताई, लेख होतो पण नाव सुचतच नाही, कुठून आणायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बहुतेक वेळा नाव लेखातच पडलेलं असतं, ते आपल्याला दिसत नाही कारण आपण ते बाहेर शोधत असतो, एखादा सुंदर शब्द, एखादी काव्यात्मक ओळ वगैरे.

एक उदाहरण नीट सांगते. दिंडोरीकडच्या एका ताईंनी वडिलांवर लेख पाठवला होता, शीर्षक 'आठवणींच्या हिंदोळ्यावर'. लेख इतका चांगला होता की मी दोनदा वाचला. शेतीच्या वीजपुरवठ्याची पाळी रात्रीची असायची, दोन वाजता लाइट यायची, मग वडील बॅटरी घेऊन विहिरीवर मोटर चालू करायला जायचे आणि या झोपेचं सोंग घेऊन दाराची कडी वाजते कधी त्याची वाट बघत पडायच्या. कडी वाजली म्हणजे वडील परत आले. हे सगळं तिसऱ्या परिच्छेदात होतं. मी त्यांना फोन करून म्हटलं, तुमच्या लेखातल्या अशा पाच वस्तू किंवा क्षण सांगा जे दुसऱ्या कुणाच्या लेखात येऊच शकत नाहीत. त्या म्हणाल्या, बॅटरी, चिखलाचे पाय, कडी, दोनची लाइट, आईचा चहा. बॅटरी, चिखल आणि चहा कुणाकडेही असू शकतो म्हणून सोडले. 'कडी' चांगलं होतं पण त्यावरून भयकथा वाटत होती. लेख छापला 'दोन वाजताची लाइट' या नावाने. त्या वर्षी त्या अंकातल्या ज्या लेखाबद्दल लोकांनी मला सर्वात जास्त फोन केले तो हाच, आणि कितीतरी जणांनी बोलायला सुरुवातच अशी केली की 'आमच्याकडे बारा वाजता यायची'.

तर करायचं एवढंच, लेख झाल्यावर एक दिवस बाजूला ठेवायचा, मग पेन्सिल घेऊन वाचायचा आणि फक्त तुमच्याच लेखात असू शकतात असे शब्द अधोरेखित करायचे. संवादात कुणीतरी बोललेलं वाक्य असेल तर ते आधी बघा. तरीही काही सापडलं नाही तर अडचण बहुतेक शीर्षकाची नसते, लेखात अजून तपशील आलेला नसतो.

५. एआयला विचारून शीर्षक घेतलं तर?

वीस नावं मिळतील, त्यातली पंधरा कोणत्याही लेखाला चालतील अशी असतील. प्रश्न ४ मधली चाळणी त्यांनाही लावा. माझा अनुभव असा की त्या वीस नावांचा उपयोग मुख्यतः काय नको हे कळायला होतो.

६. साधं नाव दिलं की फिकं वाटतं, काहीतरी भारदस्त हवं ना?

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली इथेच, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. नावात दोन शब्द, दोन्ही पहिलीतल्या मुलाला वाचता येतील असे. कोण आणि कुणाची, एवढंच त्यात आहे. 'संस्कारगाथा' किंवा 'मातृमहिमा' असं नाव असतं तर घरोघरी लोकांनी ते असं तोंडात घोळवलं असतं असं मला वाटत नाही. भारदस्त शब्द लेखात असेल तर शीर्षकात येऊ द्या, पण लेख बोलीतला आणि शीर्षक संस्कृतप्रचुर असं झालं की वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत धक्का बसतो.

७. किती शब्दांचं असावं? एका शब्दाचं चालतं का?

नियम नाही. माझा अंदाज दोन ते सहा शब्द, माहितीपर लेखाला आठ-दहा पण चालतात. एका शब्दाचं चालतं, नाशिककरांना त्याचं उदाहरण द्यायला लांब जावं लागत नाही, कुसुमाग्रजांचा १९४२ चा 'विशाखा'. पण एका शब्दाला आधार लागतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्र असतं, कवीचं नाव असतं, शब्दाला जागा असते. अनुक्रमणिकेत मात्र तोच शब्द तीस नावांच्या रांगेत उभा असतो, तिथे 'पाऊस', 'वाट', 'आई' ही नावं एकमेकांत हरवतात. एका वर्षी आमच्याकडे 'आई' नावाच्या चार कविता आल्या होत्या, चौघींना फोन करून नावं बदलून घ्यावी लागली. एकच शब्द द्यायचा तर तो असा हवा की त्याच्यासारखा दुसरा त्या रांगेत नसेल.

८. कोणती शीर्षकं टाळावीत?

जी ऐकताक्षणी आधी ऐकल्यासारखी वाटतात ती. 'आठवणींच्या हिंदोळ्यावर', 'एक अविस्मरणीय प्रवास', 'मनातलं काही', 'अमुक: काल, आज आणि उद्या', 'अमुकच्या निमित्ताने', 'अमुक: एक झंझावात'. बातमीत 'कांद्याने केला वांदा' आणि निवडणूक म्हटली की 'रणधुमाळी'. लासलगावला भाव पडल्यावर ज्याची ट्रॉली उभी आहे त्याच्या दृष्टीने 'वांदा' हा यमकाचा विषय नसतो, त्याला भाव किती पडला आणि का पडला हे हवं असतं.

ही नावं वाईट आहेत असं नाही, पहिल्यांदा कुणीतरी छान सुचून दिली असतील. आता ती इतकी गुळगुळीत झालीत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावर थांबतच नाही. तपासायची एक सोपी रीत आहे, तुमचं शीर्षक दुसऱ्याच कुणाच्या लेखावर ठेवून बघा, बसलं तर ते बदला.

९. स्थानिक नाव घालावं का? बाहेरच्यांना कळेल का?

वाचणारा कोण आहे यावर आहे. गोदावरीला पूर आला की आपण सगळे एकमेकांना एकच विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या (गोदाघाटावरच्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या) कुठपर्यंत पाणी आलं? 'दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी' या मथळ्यात नाशिककराला पुराची उंची, सराफ बाजाराची काळजी, घाटावरच्या दुकानांची अवस्था सगळं कळतं. हाच मथळा नागपूरच्या वाचकाला दिला तर त्याला एका देवळात पाणी शिरलं एवढंच वाटेल. मग तिथे 'गोदावरीला पूर' हे शब्द यायलाच हवेत, आणि दुतोंड्या मारुती दुसऱ्या ओळीत किंवा उपशीर्षकात येऊ द्या (प्रश्न १३ बघा).

पण ललित लेखात, कथेत मी उलटं सांगेन, स्थानिक नाव बिनधास्त ठेवा. 'रविवार कारंजा' हे नाव ज्याला माहीत नाही त्यालाही त्यात काहीतरी ऐकू येतं. फक्त 'पंचवटी' आणि 'गोदाकाठ' हे दोन शब्द जरा जपून वापरा, नाशिकवरच्या लेखनात ते इतके आलेत की नुसत्या त्यांनी काही उभं राहत नाही, बरोबर दुसरा नेमका शब्द लागतो.

१०. आमच्याकडे सटाणा-मालेगाव भागात अहिराणी बोलतात. शीर्षकात अहिराणी शब्द चालेल?

चालेलच, यावा असं मला मनापासून वाटतं. लेखात आजी 'आंडेर' म्हणत असेल तर शीर्षकात 'मुलगी' करू नका, शब्दाचा अर्थ पहिल्या दोन परिच्छेदांत प्रसंगातून कळेल असं बघा म्हणजे झालं. शीर्षकातच पुढे कंसात प्रमाण मराठी अर्थ देऊ नका, त्याने शब्दाचा जीव जातो. आणि तो शब्द लिहायचा कसा हे घरातल्या मोठ्यांकडून बोलून घ्या, गावागावाला उच्चार बदलतो.

११. शीर्षकानंतर पूर्णविराम द्यायचा का? प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह?

पूर्णविराम नाही. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह द्या. उद्गारचिन्ह शक्यतो नको, तीन तर नकोच. प्रश्नार्थक शीर्षक देताना एवढं बघा की उत्तर लेखात आहे. 'द्राक्ष निर्यात का अडते?' विचारलंत तर का अडते ते सांगायला लागेल. कोऱ्या हवेत प्रश्न सोडून 'विचार करायला हवा' असं म्हणत लेख संपवला तर वाचणारा चिडतो आणि त्याचं बरोबर असतं.

आणखी एक, इंग्रजीत नावाची अक्षरं मोठी करून ते वाक्यात उठून दिसतं, देवनागरीत ती सोय नाही. म्हणून लेखाच्या आत दुसऱ्या लेखाचं नाव आलं तर एकेरी अवतरणात ठेवा. वर शीर्षक म्हणून लिहिताना अवतरण नको.

१२. 'हे वाचून थक्क व्हाल' टाइप नावांना क्लिक जास्त मिळतात, मग का नको?

मिळतात. पण तो माणूस आत येऊन दोन ओळीत परत जातो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की सरकवून टाकतो. शेतीवर लिहिणाऱ्या एका दादांनी मला दोन पर्याय पाठवले होते, 'द्राक्षबागायतदारांनो सावधान!' आणि 'ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तर डाउनीसाठी काय बघायचं'. दुसरं लांब आहे, आवाज नाही त्यात. पण निफाडमध्ये सकाळी सहा वाजता पानाच्या मागे डाउनीची पांढरी बुरशी बघून मोबाइल काढणारा माणूस दुसऱ्याच नावावर बोट ठेवेल कारण त्याचा प्रश्न जसाच्या तसा तिथे लिहिलाय. उत्सुकता वाढवायला माझी हरकत नाही, पण जे शीर्षकात कबूल केलं ते लेखात द्यायला हवं.

१३. उपशीर्षक किंवा कोलन कधी?

पहिला भाग ओढून घेणारा आणि नेमका नसलेला असेल तेव्हा. कॉलेजच्या एका मुलीने काळाराम मंदिर सत्याग्रहावर लिहिलं, नाव 'काळाराम मंदिर सत्याग्रह: एक अभ्यास'. 'एक अभ्यास'ने काहीच वाढत नाही. तिच्या लेखाचा जीव होता बंद दरवाजा आणि बाहेर उभी असलेली माणसं, आणि तारीख तिच्याकडेच होती. शेवटी 'बंद दाराशी: २ मार्च १९३०, काळाराम मंदिर' असं केलं. डावीकडे चित्र आणि उजवीकडे माहिती. दोन्हीकडे चित्र किंवा दोन्हीकडे माहिती असेल तर कोलन काढून एकच भाग ठेवा.

१४. कवितेला शीर्षक हवंच का? गझलेला?

गझलेला परंपरेने शीर्षक नसतं, ती पहिल्या ओळीने किंवा रदीफाने (शेरांच्या शेवटी परत परत येणाऱ्या शब्दांनी) ओळखली जाते, अभंगही तसेच पहिल्या ओळीने. अंकात द्यायचीच असेल तर नुसतं 'गझल' चालेल. कवितेला मात्र द्या. त्यात एकच खबरदारी, कवितेने जो अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवलाय तो शीर्षकात फोडू नका. कविता घर सोडण्यावर असेल आणि शेवटच्या ओळीत कुलूप येत असेल तर 'कुलूप' हे नाव देऊन टाकलं की शेवटची ओळ मेली. कवितासंग्रहाला त्यातल्याच एका कवितेचं नाव देतात, ते बरं, पण ती कविता संग्रहातली सर्वात ताकदीची हवी, कारण लोक ती उघडून बघतातच.

१५. एमए, पीएचडीच्या प्रबंधाचं शीर्षक कसं?

इथे बाकीचं सगळं विसरा. प्रबंधाच्या नावात विषय, क्षेत्र आणि काळ स्पष्ट हवा, सौंदर्य नसलं तरी चालेल. 'नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' हे सगळेच लिहितात, पण अभ्यास एकाच तालुक्यातला असेल तर तालुकाच लिहा. 'ग्रामीण महिलांचा शेतीतील सहभाग: एक चिकित्सक अभ्यास' यापेक्षा 'निफाड तालुक्यातील द्राक्षबागांमध्ये महिलांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग, २०१५ ते २०२०' बरं, कारण तोंडी परीक्षेत 'मग बाकीचे तालुके का नाही घेतले' हा प्रश्नच येत नाही. नोंदणी करतानाच नीट ठरवा, नंतर बदलायचं तर विद्यापीठाकडे अर्ज-परवानगी असं लांबतं, आधी गाइडना विचारा.

१६. मोबाइलवर शीर्षक अर्धंच दिसतं, फॉर्ममध्ये 'जास्त अक्षरं' म्हणून अडतं. मी तर मोजून लिहिलं होतं.

कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतो. 'शीर्षक' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, तो सहा मोजतो. 'त्र्यंबकेश्वर' आपली पाच, त्याची तेरा. यूट्यूबला शीर्षकाची मर्यादा १०० आहे, ती मराठीत आपल्या हिशोबाने पन्नासच्या आसपासच भरते. गूगलच्या शोधात तर ठरलेला आकडा नाही, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं. म्हणून महत्त्वाचा शब्द सुरुवातीला आणा, 'नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी' हे आधी आणि 'कांदा साठवण' नंतर असं केलं तर कांदाच कापला जातो.

आणि टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आतल्या मजकुरात ते प्रूफमध्ये सापडतं पण शीर्षक सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं म्हणून तसंच छापलं जातं.

१७. शीर्षकात 'यंदा', 'सध्या', 'येत्या' चालतं का?

रोजच्या बातमीत चालतं, लेखात टाळा. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळचा 'यंदाच्या सिंहस्थात वाहतूक कशी असेल' असा लेख आज कुणी उघडला तर त्याला ते २०२६-२७ चंच वाटणार, आणि तो त्याप्रमाणे गाडी लावायला निघेल. साल लिहा, आकड्यात लिहा.

१८. मला सुचलेलं नाव कुणीतरी आधीच वापरलंय. केस होईल का?

नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने २०१५ साली एका हिंदी सिनेमाच्या नावाच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल किंवा त्या नावाच्या प्रसिद्धीवर तुम्ही स्वतःचा माल खपवताय असं दिसलं तर अडचण येऊ शकते. दोन, मासिक-साप्ताहिक काढायचं असेल तर त्याचं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं, पूर्वी ज्याला आरएनआय म्हणायचे ते आता २०२३ च्या कायद्याप्रमाणे प्रेस रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय आहे. आणि कायद्याने चालत असलं तरी गाजलेल्या पुस्तकाचं नाव घेऊ नका, शोधताना तुमचं कधीच वर येणार नाही.

१९. पुस्तकाचं नाव छापल्यानंतर बदलता येतं का?

येतं, पण नाव बदललं की नवा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. आपल्याकडे तो मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन असतो. जुन्या प्रती विकल्या गेल्या असतील तर नव्या आवृत्तीत आतल्या पानावर 'पूर्वीचे नाव अमुक' असं स्पष्ट छापा, नाहीतर लोक तेच पुस्तक दोनदा विकत घेतात.

२०. मुखपृष्ठावर, फ्लेक्सवर शीर्षक दोन ओळीत येतं तेव्हा कुठे तोडायचं?

जिथे अर्थ तुटत नाही तिथे. 'मुलांना मारू नका, समजवा' हे नाव डिझायनरने जागा बघून तोडलं आणि वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात 'मुलांना मारू' एवढंच आलं. प्रत्येक ओळ एकटी वाचून बघा. विभक्तीचा प्रत्यय तोडून खालच्या ओळीत टाकू नका, 'नाशिक' वर आणि 'ची' खाली हे मी छापलेलं पाहिलंय.

२१. संपादकांनी न विचारता माझं शीर्षक बदललं. बरोबर आहे का?

बातमीत मथळा डेस्कवरच ठरतो, तिथे तक्रार करता येत नाही. ललित लेखनात विचारायला हवं. हे मी ठामपणे सांगते कारण एकदा मी स्वतः विचारलं नव्हतं. एका निवृत्त शिक्षकांनी शाळेतल्या शिपाईमामांवर लिहिलं होतं, शीर्षक 'मामांची घंटा'. मला ते साधं वाटलं, अंक छपाईला जायची घाई होती, मी 'शाळेचा कणा' केलं. अंक मिळाल्यावर त्यांचा फोन आला, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की मामा वारले तेव्हा ती घंटा त्यांच्या मुलाने घरी मागून नेली होती, लेख त्याला दाखवायचा होता. लेखात घंटेचा उल्लेख चार वेळा होता आणि मी तो पाहूनही पाहिला नव्हता. तेव्हापासून मी एकही शीर्षक फोन केल्याशिवाय बदललेलं नाही. लिहिणाऱ्यांनी पण एक करावं, शीर्षक जपायचं असेल तर पाठवताना खाली एक ओळ लिहावी की हे नाव का आहे.

२२. सरावासाठी काय करू?

सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या कुठल्याही वाचनालयात दिवाळी अंकांच्या कपाटाशी तासभर बसा आणि फक्त अनुक्रमणिका वाचा. कोणतं पान उघडावंसं वाटलं ते लिहून ठेवा, मग ते पान उघडून नाव आणि लेख जुळतात का बघा. दहा अंक झाले की हात बसायला लागतो.

२३. घरातलं माणूस गेल्यावर लिहिलेल्या लेखाला काय नाव द्यावं? काहीच योग्य वाटत नाही.

'भावपूर्ण श्रद्धांजली' पेपरातल्या चौकटीसाठी ठीक आहे, लेखासाठी नको. 'एक ध्रुवतारा निखळला' हेही नको, ते प्रत्येकाबद्दल लिहिलं जातं. त्या माणसाला घरात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव, किंवा ते सारखं म्हणायचे असं एखादं साधं वाक्य, त्यातलं काहीतरी घ्या. एका मुलाने आजोबांवरच्या लेखाला 'चहा ठेव, आलोच' असं नाव दिलं होतं, ते रोज मेन रोडवरून फोन करून हेच सांगायचे. पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूची सालं फोटोखाली द्या, शीर्षकात नको. आणि पहिल्या आठवड्यात सुचलं नाही तर लेख बिननावाचा पाठवा, आमच्याकडे महिनाभर थांबतो आम्ही.